आग्नेयेकडे तोंड करून

दरवर्षी २ ऑक्टोबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर मुंबई दूरदर्शनच्या आठवणी फिरायला लागतात. १९७२ साली त्या दिवशी वरळीहून प्रक्षेपण सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र, इथून सुरुवात होते. मग 'गजरा', 'चिमणराव', 'प्रतिभा आणि प्रतिमा', बातम्या वाचणारी स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांचा आवाज, पडद्यावरच्या मुंग्या, कौलावर चढून अँटेना फिरवणारा कुणाचा तरी काका आणि खालून 'आलं, आलं... गेलं!' असं ओरडणारी पोरं. मलाही हे सगळं आवडतं. फक्त वाचताना दरवेळी वाटतं, आपण एखाद्या वारलेल्या माणसाबद्दल गहिवरून बोलतोय आणि तो माणूस शेजारच्या खोलीत बसून चहा पितोय.

दूरदर्शन बंद पडलेलं नाही. आपण बघायचं सोडलं, एवढंच. 'आपण' म्हणजे शहरात राहणारे, महिन्याकाठी केबलचे, इंटरनेटचे आणि वर तीन-चार ॲपचे पैसे भरणारे, आणि मग रात्री ताट पुढ्यात घेऊन 'काय बघायचं' हेच शोधत बसणारे. आपल्या दिवाणखान्यातून गेलं म्हणजे देशातून गेलं, असं आपण धरून चालतो. एसटीबद्दलही आपण असंच बोलतो म्हणा.

माझी आत्या पाटण तालुक्यात राहते, कोयनेच्या खोऱ्यात. मामा, म्हणजे तिचे यजमान, मुंबईत गिरणीत होते. वरळीच्या चाळीत एका खोलीत त्यांचा संसार होता आणि गॅलरीत उभं राहिलं की टीव्हीचा मनोरा समोर दिसायचा. १९८२ चा संप झाला, गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही, आणि मामा बिऱ्हाड घेऊन गावी परतले. सामानात एक काळा-पांढरा टीव्ही होता. चाळीत साध्या तारेच्या तुकड्यावरही स्वच्छ चित्र दाखवणारा तो टीव्ही गावात आला आणि आंधळा झाला. मामांनी बांबू उभा केला, त्याला अँटेना बांधला, बांबू वाढवला, वरच्या आळीत नेऊन बघितलं. काही नाही. मुंग्यासुद्धा धड येईनात. पुढे कित्येक वर्षं तो टीव्ही क्रोशाच्या रुमालाखाली बसून होता आणि त्यावर गणपतीची मूर्ती होती.

त्याचं कारण साधं होतं. जमिनीवरच्या मनोऱ्यातून सुटलेल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की पलीकडे अंधार. म्हणून तर पुण्यासाठी सिंहगडावर मनोरा उभारला. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने तो बघितलेला असतो, आणि पिठलं-भाकरी खाताना त्याच्याविषयी नाक मुरडलेलंही असतं. १९८४ च्या सुमारास सरकारने लहान क्षमतेच्या प्रक्षेपकांचा धडाका लावला. काही महिने तर देशात सरासरी रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. तालुक्याच्या गावांना, मोठ्या खेड्यांना चित्र दिसू लागलं. पण सह्याद्रीच्या घड्यांमध्ये अशी कितीतरी गावं आहेत की ज्यांच्यासाठी प्रत्येक डोंगराच्या डोक्यावर एक मनोरा लागला असता. राष्ट्रीय कार्यक्रम, रंगीत चित्र, एशियाड, रविवार सकाळचं रामायण ही सगळी राष्ट्राची सामायिक आठवण म्हणून सांगितली जाते, तेव्हा मला आत्याचा तो झाकलेला टीव्ही आठवतो. सामायिक म्हणजे ज्यांच्याकडे येत होतं त्यांची सामायिक.

आत्याकडे टीव्ही खऱ्या अर्थाने आला तो फार नंतर. आधी मुंबईतल्या मुलाने एका खासगी कंपनीची डिश बसवून दिली. तो दर महिन्याला तिथून रिचार्ज करायचा. कधी विसरायचा, कधी त्याचीच ओढाताण असायची. मग टीव्हीवर निळी पाटी यायची आणि आत्या गप्प बसायची, कारण मुलाला पैशाची आठवण करून देणं तिला जमायचं नाही. शेवटी एका बाजाराच्या दिवशी ती स्वतःच पाटणला गेली आणि दुकानातून 'ती फुकटवाली छत्री' घेऊन आली. दोनेक हजारांत छत्री, सेट-टॉप बॉक्सचा डबा, वायर आणि बसवणारा पोरगा, सगळं मिळून. त्यानंतर आजतागायत तिने त्यापायी कुणाला एक रुपया दिलेला नाही.

ही छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ वाहिन्यांवर ती सुरू झाली, पुढे नाव बदललं, आणि आता तिच्यावर शंभराहून जास्त वाहिन्या आणि आकाशवाणीची कितीतरी केंद्रं येतात. देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत ती आहे असा अंदाज सांगितला जातो. अंदाजच, कारण नेमकं मोजायची सोयच नाही, आणि मला हीच तिची सगळ्यात मोठी गंमत वाटते. डबा बाजारात मिळतो, घ्यायचा आणि लावायचा. नाव नोंदवावं लागत नाही, आधार नाही, मोबाइल नंबर नाही, ओटीपी नाही. कोण बघतंय, किती वेळ बघतंय, मध्येच कंटाळून उठून गेलं का, हे वरळीलाही कळत नाही आणि दिल्लीलाही नाही. दूध आणायला गेलं तरी मोबाइल नंबर विचारण्याच्या या काळात चार कोटी घरं कुणालाही न सांगता टीव्ही बघतात.

छत्री बसवायला आलेल्या पोराकडे मी मुद्दाम बघत उभी होते. त्याने होकायंत्र वगैरे काही काढलं नाही. शेजारच्या तीन घरांवरच्या छत्र्यांकडे एक नजर टाकली आणि आमची तशीच वळवली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जाऊन बघा, फ्री डिशच्या सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतील. त्या बघतात जीसॅट-१५ या उपग्रहाकडे. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर आहे. आत्याच्या अंगणातून तो क्षितिजापासून साधारण साठ अंश उंचीवर येतो. म्हणजे समोरचा डोंगर कितीही मोठा असला तरी छत्रीची नजर त्याच्या बऱ्याच वरून जाते. ज्या डोंगराने मामांचा टीव्ही आंधळा केला तो आता मध्ये येतच नाही. मामा हे बघायला हवे होते. त्यांनी बांबू काही सोडला नसता, पण छत्रीला दोन-चार सूचना नक्की केल्या असत्या.

जमिनीवरचे ते मनोरे, ते छोटे प्रक्षेपक दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले. २०२२ पर्यंत सीमाभागातले मोक्याचे काही सोडले तर जुन्या ॲनालॉग पद्धतीचं जवळजवळ सगळं काम संपलं. सिंहगडावरचा मनोरा अजून उभा आहे. पोरं त्याच्याशेजारी सेल्फी काढतात.

आता आत्या काय बघते, तर मन मोठं करून ऐका. मी सुद्धा जाताना मनात दूरदर्शनच्या 'सह्याद्री' वाहिनीवरच्या शास्त्रीय गायनाच्या मैफली घेऊन गेले होते. आत्या दुपारी डब केलेले दाक्षिणात्य सिनेमे बघते. नायक एका ठोशात आठ जणांना उडवतो आणि आत्या शेंगा सोलता सोलता म्हणते, "ह्यो आपल्या इथं पायजे होता, पंचायतीत." त्यानंतर भुताची मालिका. फ्री डिशवर दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या आहेत, शिक्षणाच्या आहेत, पण गर्दी आहे ती खासगी वाहिन्यांची. त्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते आणि एकेका जागेला वर्षाला कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या कमाईत हा पैसा मोठा आहे. म्हणजे दूरदर्शन स्वतः काय दाखवतं यापेक्षा दूरदर्शनच्या छत्रीतून दुसरे काय दाखवतात यावर त्याचं बरंचसं भागतं. चांगलं की वाईट, ते ठरवायला मला वेळ लागला. आता वाटतं, ठीक आहे. रस्ता सरकारने बांधला म्हणून त्यावरून फक्त एसटीच धावली पाहिजे असं नाही. मात्र लिलावात हिंदी मनोरंजनाची बोली मोठी लागते आणि मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला सह्याद्री आणि मोजक्याच मराठी वाहिन्या येतात. आत्याची हिंदी गेल्या काही वर्षांत माझ्यापेक्षा चांगली झालीय.

या खासगी मंडळींचं फुकट घरांवरचं प्रेम किती खरं, तेही एकदा दिसलं. २०१९ मध्ये वाहिन्यांच्या दराचे नवे नियम आले तेव्हा मोठ्या प्रसारण कंपन्यांनी १ मार्चपासून आपल्या फुकट दिसणाऱ्या हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. हिशेब असा की गोडी लागलेली माणसं पैसे भरून मागे येतील. माणसं काही आली नाहीत. आत्याने दोन दिवस नावं ठेवली आणि तिसऱ्या दिवशी दुसरी मालिका धरली. जाहिरातवाल्यांना मात्र ती खेड्यातली घरं हवी होती. २०२० मध्ये त्याच वाहिन्या निमूट परतल्या. त्याच वर्षी टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला घेतलं आणि शहरातल्या लोकांनाही आपल्या रिमोटवर डीडीचा आकडा कितवा आहे ते शोधावं लागलं. आत्याने ते तेव्हा पहिल्यांदा पूर्ण बघितलं. तेहतीस वर्षं उशिरा, पण रंगीत.

आता बातम्यांचं. हा विषय टाळून दूरदर्शनवर लिहिणं म्हणजे लबाडी होईल. दूरदर्शनच्या बातम्या ज्या पक्षाचं सरकार त्याच्या बाजूने झुकतात. हे आजचं नाही. आणीबाणीत काय होतं ते आपल्या आधीच्या पिढीने बघितलं, त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने कमी-अधिक तेच केलं. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, डीडी न्यूजचं बोधचिन्ह लालचं भगवं झालं तेव्हा बराच गदारोळ झाला. रंगाचं मला फारसं वाटलं नाही. आतला मजकूर आधीच रंगलेला होता. तरी एक कबूल करते: सह्याद्रीवरच्या संध्याकाळच्या बातम्यांत कुणी कुणावर ओरडत नाही. नऊ खिडक्यांत नऊ माणसं एकाच वेळी बोलत नाहीत. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडलं, शाळेचे निकाल कधी, खताचा पुरवठा कसा आहे, हे एक माणूस समोर बघून, शुद्ध मराठीत, सावकाश सांगतो. आत्याला मी विचारलं, या सरकारी बातम्या खऱ्या वाटतात का तुला? ती म्हणाली, "सरकार काय म्हणतंय ते कळतं. खरं काय हाय ते गावात कळतंच की." माध्यमांवरच्या परिसंवादात मी यापेक्षा शहाणं वाक्य ऐकलेलं नाही.

खरं तर हे असं असायला नको होतं, आणि हे आपल्याच एका माणसाने लिहून ठेवलंय. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन आणि सरकार आडवे आले, आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. खंडपीठात होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेले आणि सार्वजनिक सभांत शेवटपर्यंत दिसणारे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी असू शकते ना पैसेवाल्यांची, तिचं नियमन स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेने करायला हवं, असा त्या निकालाचा गाभा. प्रसार भारतीचा कायदा तर १९९० मध्येच संमत होऊन पडला होता. तो अमलात यायला १९९७ उजाडलं. महामंडळ झालं, स्वायत्तता कागदावर आली, पगार मात्र सरकारच्या तिजोरीतून. ज्याच्या हाती पगार त्याच्या हाती रिमोट.

कधी काळी टीव्हीचा परवाना काढावा लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती पद्धत गेली तेव्हा लोकांना सुटल्यासारखं वाटलं असणार. पण त्या फीबरोबर 'हे माझ्या पैशावर चालतं, मला जाब विचारता येतो' ही भावनाही गेली असं मला वाटतं. आत्याकडून फी घ्या असं मी म्हणत नाही. दूरदर्शनला आपण आपलं मानत नाही, सरकारचं मानतो, यात आपलाही हात आहे, एवढंच.

क्रिकेटची तर वेगळीच मजा. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावंच लागतं. काही वर्षं त्यामुळे केबलवरच्या दूरदर्शनवरही सामने फुकट दिसत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे उसनं चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवावं, केबल आणि खासगी डिशवाल्यांना देऊ नये. परिणाम असा की सामन्याच्या दिवशी पुण्यात पैसे भरून केबल घेतलेल्या माझ्या घरी दूरदर्शन लावलं तर दुसराच कार्यक्रम, आणि आत्याच्या फुकट छत्रीवर भारताची फलंदाजी. दर महिन्याला पैसे भरणारा बाहेर आणि न भरणारा आत, असं या देशात फार ठिकाणी घडत नाही. मला त्याचा राग येत नाही, थोडा आनंदच होतो.

पॅरिस ऑलिंपिकही तिच्याकडे दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीवर होतं. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी पदक आणल्यावर वैयक्तिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा दुसरा. खाशाबांचं गोळेश्वर कराडला लागून, म्हणजे आत्याच्या गावाहून खालच्या अंगाला. नेमबाजी म्हणजे काय हे आत्याला माहीत नव्हतं, पण "खाशाबांच्या नंतर आपला" हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मग नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ॲप आणलं. नाव 'वेव्ह्ज'. गोव्यात ५५ व्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात, २० तारखेला, मुख्यमंत्री प्रमोद सावंतांच्या हस्ते ते खुलं झालं. बारापेक्षा जास्त भाषा, ६५ थेट वाहिन्या, रेडिओ, मागणीनुसार बघायचे कार्यक्रम, वर मोबाइलचे खेळ आणि ओएनडीसी या ऑनलाइन बाजाराच्या जाळ्यातून खरेदीसुद्धा. पुढच्या मे महिन्यात मुंबईत दृकश्राव्य उद्योगाची मोठी जागतिक परिषद भरवली, तिचंही नाव वेव्ह्ज. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी बरेच दिवस दोन्ही एकच समजून ॲपमध्ये परिषदेची भाषणं शोधली.

मी ॲप घेतलं. सह्याद्री खिशात आली याचा आनंद झाला हे खोटं नाही. गोव्यात जन्मून परदेशात गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला पणजी केंद्राच्या कोकणी बातम्या फोनवर दिसतात याचं फार अप्रूप. होणारच. गोव्याच्या दूरदर्शनला उपग्रहावर स्वतंत्र जागा मिळाली तीच मुळी मार्च २०१९ मध्ये, अकरा राज्यांच्या वाहिन्या एकदम फ्री डिशवर आल्या तेव्हा. त्याआधी पणजीचं प्रक्षेपण जिथवर मनोरा पोचेल तिथवर. ॲपचा खरा उपयोग अशा दूर गेलेल्या माणसांना आहे, यात शंका नाही.

पण दूरदर्शनने खेळ आणि दुकान कशाला थाटावं, हे मला अजून समजलेलं नाही. बाकीची ॲप हे सगळं करतात, आणि बरं करतात. त्यांच्याकडे पैसा आहे, नट आहेत, आणि तुम्ही काय बघता याची इत्थंभूत वही आहे. त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात कुस्ती करून दूरदर्शनला काय मिळणार? दूरदर्शनपाशी जे आहे ते यांच्यापैकी कुणाकडे नाही: पन्नास वर्षांचा साठा. निदान असायला हवा होता. सुरुवातीच्या काळात बरेच कार्यक्रम थेट व्हायचे, आणि जे मुद्रित झाले त्यांच्याही टेप महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. ज्यांच्या आठवणींवर २ ऑक्टोबरचे संदेश उभे आहेत त्यांतलं बरंच काही आता फक्त आठवणीतच आहे. जे उरलं ते प्रसार भारतीचं अभिलेखागार अधूनमधून यूट्यूबवर टाकतं: कुठे एखादी मैफल, कुठे एखादी मुलाखत. ते बघताना हावरटपणा वाढतो.

मला त्या साठ्यातून नाटकं आणि गाणी हवी आहेतच, पण त्याहून जास्त हवं आहे ते 'ज्ञानदीप'सारखं काहीतरी. दूरदर्शनचे निर्माते आकाशानंद यांचा हा कार्यक्रम बघून गावोगावच्या प्रेक्षकांनी ज्ञानदीप मंडळं काढली होती, टीव्ही बंद केल्यावर लोक उठून काहीतरी करत होते. आणि 'आमची माती आमची माणसं'चे जुने भाग. शेतीचा कार्यक्रम म्हणून शहरातली मुलं तेव्हा त्या वेळेला खेळायला पळायची. पण त्यात बोलणारा शेतकरी त्याच्या बोलीत बोलायचा, त्याच्या शेताच्या बांधावर उभा राहून. कुठली वाणं तेव्हा पेरत, कुठली अवजारं होती, दुष्काळानंतर कुठल्या गावाने पाणी कसं अडवलं, याची ही सगळी चित्रफीत जिथे असेल तिथून काढून, गावाच्या नावासकट, शोधता येईल अशी ठेवली तर हे ॲप उघडायला माझ्यापाशी रोज कारण असेल.

त्याऐवजी काय झालं? मे २०२४ मध्ये डीडी किसान वाहिनीवर दोन निवेदक आले, क्रिश आणि भूमी. दोघंही कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले. न थकता, न अडखळता, पन्नास भाषांत बोलतील अशी त्यांची ख्याती. मी ते बघितले. कपडे नीटनेटके, केस जागच्या जागी. हवामान सांगतात, बाजारभाव सांगतात. चुकत नसतील. पण पन्नास भाषा येणाऱ्या त्या मुलीला घेवड्यावर पडलेल्या रोगाबद्दल आत्या काहीच विचारू शकत नाही, आणि तिने विचारलं तरी तिची ती भाषा या पन्नासांत नाही. पूर्वीचा निवेदक कपाळावरचा घाम पुसत 'काय पावणं, पाऊसपाणी काय म्हणतंय?' असं विचारायचा, त्याला खर्च जास्त येत असेल, कबूल.

आणि ॲप म्हटलं की पुन्हा तेच: चांगला फोन हवा, डेटा हवा, आणि कोयनेच्या खोऱ्यात नेटवर्क हवं. ते आत्याच्या घरात एका खिडकीत असतं, तेही पाऊस नसेल तर. आयआयटी कानपूरने आणि सांख्य लॅब्स या कंपनीने प्रसार भारतीबरोबर एक वेगळा प्रयोग केलाय. टीव्हीचं चित्र इंटरनेटशिवाय, रेडिओसारखं, थेट मोबाइलवर. बंगळुरू आणि दिल्ली परिसरात चाचण्या झाल्या. मोबाइल कंपन्यांना ते फारसं रुचलेलं नाही, यातच त्याची किंमत कळते. ते जमलं तर दूरदर्शनने दुकान उघडलं काय नि खेळ ठेवले काय, माझी तक्रार नाही.

तोवर छत्री आहे. सरकारने २०२३ मध्ये प्रसार भारतीसाठी अडीच हजार कोटींची योजना मंजूर केली तेव्हा दुर्गम आणि आदिवासी भागांत आठ लाख डबे वाटायचं तिच्यात होतं. याची बातमी आपल्याकडे फार कुणी वाचली नसणार. ॲपची वाचली असेल.

छत्रीला एकच रोग आहे आणि तो दरवर्षी १ एप्रिलला उपटतो. लिलावाचं वर्ष बदलतं, जुन्या वाहिन्या जातात, नव्या येतात, आकडे इकडचे तिकडे होतात, आणि डब्याला वाहिन्या नव्याने शोधायला लावल्याशिवाय त्या दिसत नाहीत. मग आत्याचा फोन येतो.

"अगं, माझा भुताचा चॅनेल गेला."

"आत्या, रिमोट घे हातात. मेन्यू दाब."

"दाबला."

"काय दिसतंय?"

"इंग्रजी दिसतंय."

"त्यात खाली खाली जा. पिवळी पट्टी सरकतेय ना? 'सर्च' असं असेल. आता ओके दाब."

"आकडा विचारतोय."

"चार वेळा शून्य."

थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येतो. पडद्यावर आकडे पळत असणार. शेजारची कुणीतरी येऊन बघत उभी असते, कारण तिच्याही घरी तेच झालेलं असतं आणि आत्याची भाची फोनवर आहे ही बातमी पोचलेली असते. मग एकदम कुठलंसं गाणं मोठ्या आवाजात सुरू होतं.

"आलं का?"

"आलं. पण भुताचा नाही दिसत. दुसरंच कायतरी हाय, कीर्तनाचं." क्षणभर थांबून ती शेजारणीला सांगते, "बस गं, ह्यो म्हाराज बरा दिसतोय." आणि मला म्हणते, "ठेव आता. तुझं बिल वाढंल."

माझ्या फोनला बिल येत नाही, रिचार्ज असतो, हे मी तिला सांगत नाही. रिचार्ज या शब्दावरून ती पुन्हा मुलाच्या जुन्या डिशवर येईल, आणि मग अर्धा तास.